विझली म्हणू नका

आमच्या घरात 'विझणे' हे क्रियापद चालत नाही. समई शांत होते, निरांजन शांत होतं, उदबत्ती संपते. नारळ फुटत नाही, वाढतो. बांगडीही वाढते. बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. हे सगळं माझ्या माहेरीही होतं, पण तिथे कोणी चुकलं तर मान वर करून बघत नसे. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सहज म्हणाले, "आई, समई विझली बरं का." सासूबाई तव्यावरची पोळी तशीच सोडून बाहेर आल्या. "विझली नाही म्हणायचं. शांत झाली म्हणायचं," एवढंच म्हणून परत गेल्या. तोपर्यंत पोळी करपली होती, आणि ती मलाच वाढण्यात आली.

सासऱ्यांना हा नियम लग्नापासून ठाऊक होता आणि लग्नापासूनच त्यांनी तो पाळला नव्हता. ते इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. उष्णता, इंधन, ज्वलन हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. "ज्योत ही रासायनिक क्रिया आहे," ते म्हणायचे. "इंधन संपलं की ती विझते. शांत व्हायला ती काय चिडलेली असते?" त्यावर सासूबाईंचं उत्तरही ठरलेलं. "असेल क्रिया. तुम्ही शांत झाली म्हणा." हा वाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोघांपैकी कोणी गावाला गेलं तर राहिलेल्या माणसाला तो एकट्याने घालता येईल.

आमचं घर गुलटेकडीला, मार्केट यार्डापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तळमजल्यावर. वरचे लोक उजेडाबद्दल बोलतात, आम्ही मागच्या जागेबद्दल बोलतो. स्वयंपाकघराचं दार उघडलं की फरशी घातलेला एक पट्टा आहे, वर पत्रा, तिन्ही बाजूंना भिंत. तिथे कपडे वाळतात, पावसाळ्यात कुबट वास येतो आणि भर दुपारीही दिवा लावावासा वाटतो. सासरे निवृत्त झाल्यावर त्या जागेचा ताबा त्यांच्याकडे गेला. कपडे आता पुढच्या गॅलरीत वाळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आमच्या टॉवेलांचं दर्शन घडतं.

रोज सकाळी ते फिरायला जात, आणि जाताना एक नाला लागे. यार्डातले ट्रक जिथे उभे राहतात, दुरुस्त होतात, धुतले जातात, तिथलं तेल वाहत वाहत त्या नाल्यात येई. पाण्यावर सप्तरंगी तवंग. लोक नाक दाबून पुढे जात, सासरे कठड्याला टेकून बघत राहत. त्यातच कोणीतरी कडेला कचरा पेटवलेला असे. घरी येऊन चपला काढता काढता ते सुरू करत, "धूर म्हणजे काय? अर्धवट सोडलेलं काम. ज्योतीला नीट हवा दिली तर ती काही शिल्लक ठेवत नाही. पण देतो कोण?" त्यांच्या तोंडी 'अर्धवट' ही सगळ्यात मोठी शिवी होती. विद्यार्थ्यांना, सरकारला आणि माझ्या भाजीला ते ती सारख्याच उदारपणे देत.

एके दिवशी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेत समुद्रावर सांडलेलं तेल जाळून टाकायचे प्रयोग चालले होते. असं तेल पेटवलं की काळ्या धुराचे लोट उठतात, म्हणजे पाणी स्वच्छ करायला जावं आणि हवा घाण करून यावं. तर त्यांनी पाण्यावर थोडं इंधन सोडलं, भोवती आडोसा असा उभा केला की हवा फटींमधून तिरपी आत शिरेल आणि ज्योत स्वतःभोवती फिरू लागेल. वावटळीत धूळ फिरते तशी. आधी पिवळा, उंच, गरगरणारा खांब झाला. मग एकाएकी तो खाली बसला आणि पाण्यावर उरला एक छोटा निळा भोवरा. आपण मुलं असताना फिरवायचो तसा, टोकावर उभा. धूर नाही, काजळी नाही, आवाजसुद्धा नाही. फिरताना हवा आणि इंधन इतकं छान मिसळतं की काळं पडायला काही उरतच नाही.

सासऱ्यांनी तो व्हिडिओ आम्हाला प्रत्येकाला स्वतंत्रपणे आणि मग सगळ्यांना एकत्र दाखवला. निळा भाग आला की ते मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ नेत. "बघितलंत? काही शिल्लक ठेवत नाही," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या आवाजात जे आलं, ते निवृत्तीनंतर मी प्रथमच ऐकलं. मला फार बरं वाटलं. माझ्या नवऱ्याला मात्र इन्शुरन्सची आठवण झाली.

पुढचे काही महिने मागच्या जागेत सामान जमत गेलं. सासूबाईंची एक परात पाण्यासाठी गेली. बुधवार पेठेतून प्रयोगशाळेच्या काचेची जाड नळी आली आणि ती उभी कापून तिचे दोन अर्धे भाग केले गेले. ते समोरासमोर, पण एकमेकांपासून जरासे सरकवून उभे करायचे, म्हणजे दोन्ही कडांना फट राहते आणि हवा तिरपी शिरते. इंधन थेंब थेंब सोडायला औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणली. तिचं चाक फिरवून थेंब कमीजास्त करता येत. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आलं. "स्पिरिट का नाही वापरत?" असं नवऱ्याने विचारलं, तर ऐकावं लागलं, "स्पिरिट गाढवाने पेटवलं तरी निळंच जळतं. त्यात आपलं कर्तृत्व काय?" एकदा तर ते नाल्यातलं पाणीच बाटलीत भरून घेऊन आले. त्यावरचं तेल काही केल्या पेटलं नाही, वास मात्र घरात आठवडाभर मुक्कामाला राहिला. "भोवरा जमला की मग नाला," असं त्यांनी ठरवलं आणि बाटली घट्ट बंद करून कोपऱ्यात ठेवली.

प्रयोग दुपारी चाले. मी बँकेत, नवरा ऑफिसात. सुट्टीच्या दिवशीही जवळ जायची सोय नव्हती, कारण माणूस हलला की हवा हलते आणि हवा हलली की ज्योत बिघडते. एक ओला टॉवेल, एक वाळूची बादली आणि स्टुलावर सासरे, असा तो संसार होता. सासूबाई त्या बाजूला फिरकत नसत. "मला नाही आगीचे खेळ बघायचे," म्हणून त्या स्वयंपाकघरात बसून राहत, पण कान तिकडेच असे. पेटवल्यावर आधी फुरफुर ऐकू येई, मग हळूहळू तिचा घुमल्यासारखा आवाज होई, आणि मग एकदम सगळं बंद.

"विझली!" मागून आवाज येई.

"शांत झाली म्हणा!" आतून जाई.

मग चाक फिरवून थेंब बंद केल्याचा, काच उतरवल्याचा आवाज. फटी कमी कर, फटी वाढव, पाणी बदल, आणि पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी पिवळा खांब छान उठे, गरगर फिरे आणि नेमका निळा व्हायच्या वेळी विझे. निदान सासरे तसं सांगत. जेवताना त्यांचा घास हातातच राही. "कुठेतरी अर्धवट राहतंय," ते म्हणत. आता ही शिवी ते स्वतःलाच देत होते.

त्यांच्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो चांगला पिकला होता. डॉक्टरांनी सांगून झालं होतं, नवऱ्याने भांडून झालं होतं. "मला सगळं दिसतं," हे त्यांचं एकच उत्तर. ते एक मोजा काळा आणि एक गडद निळा घालून लग्नाला गेले, तरी त्यांना सगळं दिसतच होतं. स्वारगेटला बसचा नंबर वाचता न आल्यामुळे ते भलत्याच बसमध्ये बसले आणि थेट येरवड्याला जाऊन उतरले. "जेलची भिंत बघायची राहिली होती," असं म्हणत घरी आले. आम्ही हसलो, पण त्यानंतर ते एकटे स्वारगेटला गेले नाहीत. हळूहळू नाल्यापर्यंतचा फेराही कमी झाला.

खरं कारण मला सासूबाईंनी सांगितलं होतं. सासऱ्यांच्या वडिलांनी गावाकडे एका शिबिरात मोतीबिंदू काढून घेतला होता आणि त्यांचा तो डोळा गेला. तेव्हा सासरे शाळेत होते आणि वडिलांना हाताला धरून शेतावर नेणं हे त्यांचं काम होतं. इतक्या वर्षांत शस्त्रक्रिया किती बदलली आहे हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पण भीतीला ते कोण सांगणार? मला या माणसाची फार माया वाटे आणि तितकाच राग येई. त्यांना एकच गोष्ट हवी होती, तो निळा भोवरा आपल्या हाताने उभा करून आपल्या डोळ्यांनी बघायचा. आणि रोज दुपारी त्यांची ती आशा थोडी थोडी कमी होताना दिसत होती. एका संध्याकाळी त्यांनी भंगारवाला कधी येतो म्हणून विचारलं, तेव्हा मी, आता तो येतच नाही, असं खोटंच सांगितलं.

काजळीची परीक्षा घ्यायला ते सासूबाईंची तांब्याची ताटली वापरत. ही ताटली म्हणजे घरातलं एक प्रस्थ. नात्यात, ओळखीत कुठेही बाळ झालं की सासूबाई तुपाच्या दिव्यावर ती पालथी धरून काजळ पाडत. आता डॉक्टर बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू देत नाहीत, हे त्यांनी कुरकुर करत मान्य केलं होतं. "डोळ्यात नको तर नको. तीट तर लावाल?" सासरे हीच ताटली पळवून काचेच्या तोंडावर जरा उंच, तारेच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवत. ज्योतीने काजळी सोडली की ताटली काळी. आणि ती दर वेळी काळी होई. सासूबाई ती चिंचेने घासत आणि घासताना जे बोलायचं ते बोलत.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. वरच्या मजल्यावरच्या मुलीला बाळ झालं होतं आणि सासूबाईंना ताटली हवी होती. "प्रयोग झाला की द्या हो, आज मला काजळ पाडायचंय," असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. मी ओट्याशी डाळ निवडत होते. अलीकडे डाळ निवडणं, सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे काढणं ही कामं त्यांनी मला देऊन टाकली होती. उशिरा का होईना, त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, अशी मी समजूत करून घेतली होती.

मागून फुरफुर आली, घुमण्याचा आवाज आला, मग शांतता.

"विझली!"

"शांत झाली म्हणा! आणि ताटली द्या!"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. गॅसचा सिलिंडर आला होता. सासरे चाक बंद न करताच उठून पुढच्या दाराशी गेले आणि तिथे सिलिंडरवाल्याशी त्यांचं वजनावरून सुरू झालं. ताटलीची वाट बघून सासूबाई स्वतःच मागे गेल्या. क्षणभराने त्यांनी "अगं बाई!" म्हणून हात झटकला आणि कानाच्या पाळीला लावला.

"अहो, विझली म्हणता आणि ताटली भाजतेय!" त्या ओरडल्या.

"आत्ताच तर विझली. गरम असणारच," पुढून उत्तर आलं.

सासूबाईंनी पदराने धरून ताटली उचलली, पालथी केली, तिच्यावरून चिमट्यात धरलेलं पांढरं फडकं फिरवलं आणि फडकं मला दाखवलं. "काळं आहे का बघ." नव्हतं. त्यांनी ताटली परत तिकाटण्यावर ठेवली आणि जरा वर हात धरून उभ्या राहिल्या. "निवत नाहीये ही. तापत चाललीय," त्या म्हणाल्या, आणि मी डाळीचं ताट ठेवून बाहेर आले.

काचेच्या तळाशी, पाण्यावर, निळा भोवरा उभा होता. माझ्या अंगठ्याएवढा असेल. इतका स्थिर की फिरतोय हे आधी कळलंच नाही. सलाइनच्या नळीतून थेंब थेंब येत होता आणि तो मुकाट्याने खात होता. मला ओरडावंसं वाटलं, पण हवा हलेल म्हणून मी पुटपुटले, "बाबा. बाबा, इकडे या. निळी आहे."

ते आले. सिलिंडरची पावती अजून हातात होती. स्टुलावर बसले, वाकले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुठे?"

"तळाशी. पाण्यावर."

"इथे? इथे तर काही नाही." त्यांचा चेहरा काचेच्या इतका जवळ गेला की मी त्यांचा खांदा धरला. मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "तुला दिसतेय?"

"ताटली सांगतेय ना," सासूबाई म्हणाल्या. "आणखी काय हवं?"

सासऱ्यांनी त्या पांढऱ्या फडक्याकडे पाहिलं. मग ताटलीवर हात धरला. त्यांना कळायला वेळ लागला नाही, तो त्यांचाच विषय होता. पिवळा खांब त्यांना दिसे, कारण पिवळं दिसायला त्यांच्या डोळ्यांची हरकत नव्हती. पिकलेला मोतीबिंदू अडवतो तो निळा रंग, म्हणून निळं होताक्षणी ज्योत त्यांच्यापुरती नाहीशी होई. मग ते चाक बंद करत आणि तेव्हा ती खरोखर विझे. आणि ताटलीवर पिवळ्याच्या वेळची काजळी आधीच बसलेली असे. आज बाकीचा वेळ ज्योत जळत राहिली आणि बहुधा पिवळं लवकर आटपलं, म्हणून ताटली कोरी राहिली. इतके महिने रोज दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने उभा केलेला भोवरा स्वतःच्या हाताने मारला होता. त्यांनी चाक फिरवून थेंब बंद केला, आणि किती तरी वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला रडू आलं, म्हणून मी डाळ निवडायला निघून गेले.

दोन-तीन दिवसांनी चहा पिताना ते कपाशी बोलल्यासारखे म्हणाले, "एकच डोळा. दुसऱ्याचं नंतर बघू."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावला आणि मी त्यांच्या हातातून काडेपेटी घ्यायला गेले, तर दिली नाही. बोटाने वात चाचपून त्यांनी ती नीट लावली. हॉस्पिटलात सासरे आत जाताना माझा हात घट्ट धरून होते. "वडिलांना मी असाच न्यायचो," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही परत एकटे स्वारगेटला जाणार आहात. आणि बरोबर बसमध्ये बसणार आहात." ते हसले. अर्ध्या तासाच्या आत बाहेर आले आणि डॉक्टरांनी काम अर्धवट सोडलं नाही, अशी पावती त्यांनी स्वतःच दिली.

पट्टी निघाल्यावर काही दिवस घरात कोणाचं काही खरं नव्हतं. ट्यूबलाइट बदलली का? नाही. न्हाणीघराला रंग कधी दिला? दिला नाही. हा शर्ट माझा नाही. तुमचाच आहे बाबा, निळा आहे. "निळा? मला वाटलं, राखाडी," असं म्हणून ते तो शर्ट खिडकीशी नेऊन बघत बसले. एक डोळा झाकून जुनं जग आणि दुसरा झाकून नवं जग, असा खेळ त्यांना सापडला होता. माझ्याकडेही त्यांनी तसं बघितलं आणि म्हणाले, "तुझे केस बरेच पांढरे झालेत गं." नव्या डोळ्याचा हा पहिला आहेर.

डॉक्टरांनी आगीजवळ बसायची परवानगी दिली त्या रविवारी आम्ही सगळे घरी होतो. नवरा वाळूच्या बादलीशी उभा राहिला, मी दारात. सासूबाई नेहमीप्रमाणे आत, कुकरपाशी. सासऱ्यांनी पेटवलं. फुरफुर, मग पिवळा खांब, घुमण्याचा आवाज. मग तो खाली बसला आणि सगळं गप्प झालं.

सासरे काही बोलले नाहीत. त्यांची पाठ मला दिसत होती आणि ती हलत नव्हती. आम्ही श्वासही बेताने घेत होतो.

"विझली म्हणू नका!" आतून सवयीने आवाज आला.

"नाही म्हणत," सासरे म्हणाले. "अगं, तू ये इकडे. ये, बघ एकदा."

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. सासऱ्यांनी उठून त्यांना स्टूल दिलं. त्या बसल्या, वाकल्या. काचेकडे बघितलं, आमच्या तोंडांकडे बघितलं, पुन्हा काचेकडे बघितलं. भोवरा त्यांच्या पुढ्यात उभा होता, लख्ख निळा. मला दारातून दिसत होता. त्यांचा हात आपोआप उचलला गेला आणि ताटली शोधू लागला, पण आज आम्ही ती ठेवली नव्हती.

"अहो," त्या म्हणाल्या, "विझली की."

दुसऱ्याला टोकण्यापुरता सोडला तर त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला. ती सगळी डाळ, ते सुईतले दोरे, ती बोटाने चाचपलेली वात माझ्या डोळ्यांपुढून गेली. ताटली सांगतेय ना, असं त्या का म्हणाल्या होत्या तेही कळलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. कोणी हसलं नाही.

सासरे त्यांच्या शेजारी फरशीवर टेकले. त्यांचा हात हातात घेऊन काचेच्या वर, भाजणार नाही इतक्या उंचीवर धरला.

"विझली म्हणू नये," ते म्हणाले. "शांत झालीय." मग मान न वळवता मला म्हणाले, "त्या डॉक्टरांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"मला सगळं दिसतं," सासूबाई म्हणाल्या. हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही.